पाळकाची पत्नी : कै. लक्ष्मीबाई टिळक

मंडळीने पाळक नेमिला म्हणजे त्याची दीक्षा होते, त्याचे वेतन ठरते आणि त्याचे काम कोणते हेही त्यास सांगितले जाते. त्याच्या पत्नीची नेमणूक मात्र कोणी करीत नाही. तिला दीक्षा नाही की वेतन नाही. तरी आजाऱ्याच्या उशाशी ती हवी, आल्यागेल्याला घास तिने घालावा, आणि दोन घरांतील भांडण मिटविण्यासही तिनेच जावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. हे काम तिने शिकावे कोठे? अलीकडे कोठे कोठे पाळकांच्या पत्नींसाठी निराळे वर्ग भरतात, व अनुभवी भगिनी नवख्या भगिनींस हाताशी धरून वाट दाखवितात, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्या काळी असे काहीच नव्हते, त्या काळी एका बाईने ही विद्या कशी मिळविली, ते सांगण्याचे आम्ही योजिले आहे. मांजरेकाठच्या आमच्या कळंबाहून नाशिक व अहमदनगर ही स्थळे दूर खरी. पण ही कथा कोणत्याही घरास परकी वाटणार नाही.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळील जलालपूर या खेड्यात, गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडिलांस सोवळ्याओवळ्याचे अतोनात वेड असल्यामुळे त्या घरात मुलांचे बालपण धाकातच गेले. शाळेचे तोंड या मुलीने कधी पाहिले नाही. नगरास अमेरिकन मिशनचे काम 1831 पासून चालू होते व तेथे मुलींच्या शाळाही निघाल्या होत्या. पण ब्राह्मणाच्या घरातील या मुलीस त्यांचा काय उपयोग? अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. पुढे फुलामुलांचे कवी म्हणून व ख्रिस्ती भजनांचे कर्ते म्हणून महाराष्ट्राने ज्यांना ओळखले, तेच हे टिळक.

टिळक बुद्धीचे तल्लख, मनाचे उदार, परंतु स्वभावाचे तापट आणि पायांचे भटके. एक नोकरी धरावी, दुसरी सोडावी, हाती आलेला पैसा वाटेत भेटलेल्या गरजूस देऊन रिकाम्या हाताने घरी यावे, असा त्यांचा क्रम असे. अशा संसारात बायकोचे काय होत असेल, हे आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नकोच. मात्र एक मोठी गोष्ट टिळकांनी केली. त्यांनी पत्नीस अक्षरे शिकविली. रागावत, हसत, मधेच कंटाळत का होईना, पण शिकविली. पुढच्या साऱ्या इमारतीचा पाया हाच होय.

1895 च्या फेब्रुवारी महिन्यात टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी चार वर्षांचा मुलगा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. लोकांची बोलणी निराळीच. त्या काळी धर्मांतर म्हणजे नुसता उपासनेतला पालट नव्हे. पाण्याचा घडा, पंगत, माहेर, सासर, सर्व एका दिवसात तुटे. पुढील काही वर्षे लक्ष्मीबाईंनी पंढरपूर आदि ठिकाणी आप्तांच्या आधाराने काढिली. पत्रे जात येत राहिली. नवऱ्यावरची माया तुटली नाही, आणि आपला धर्मही सुटला नाही.

अखेरीस त्या टिळकांकडे गेल्या. पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांनी आपले सोवळे, आपली चूल व आपले पाणी वेगळे ठेविले. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील ही सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून आपणही झालो, असे म्हणणे सोपे होते, आणि लोकांस ते पटलेही असते. त्यांनी तसे केले नाही. जातिभेद माणसांनी केला की देवाने, हा प्रश्न त्यांनी आपल्याच मनाशी घोळविला. देवाने केला नाही, असा निर्णय झाल्यावर मात्र त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास मागेपुढे पाहिले नाही. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, 1900 साली, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याच्या श्रद्धेवर उसनवारीने जगणारी बाई मंडळीतील भगिनींस धीर देऊ शकत नाही. लक्ष्मीबाईंची श्रद्धा त्यांच्या स्वतःच्या कमाईची होती.

पुढे नगर व राहुरी येथे त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच झाली. टिळक वाटेवरच्या पाहुण्यास घेऊन येत, अनाथ मुलास घेऊन येत. आणि डब्यात पीठ आहे की नाही हे पाहण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे येई. पोरकी मुले त्यांनी पोटच्या मुलांच्या पंक्तीस बसविली. प्लेगच्या दिवसांत, लोक घरेदारे सोडून पळत असता, त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. मन वळविणे, राग गिळणे, वेळी हसून प्रसंग निभावणे, हे धडे त्यांनी या घरातच गिरविले. त्या काही अबोल सहनशीलतेची मूर्ती नव्हत्या. नवऱ्याशी त्या भांडत, त्याची चूक त्यास दाखवीत, आणि पुन्हा त्याच्याच पाठीशी उभ्या राहत. टिळकांनीही हे ओळखिले होते, म्हणूनच त्या संसारात भांडणाइतकेच हसूही होते.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून सातारा येथे देवाचा दरबार स्थापिला. पगार गेला. दोनच वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात, टिळक मुंबईस निवर्तले. पाळक गेला म्हणजे त्याच्या पत्नीचे मंडळीतील स्थान बहुधा त्याच्याबरोबरच जाते. ज्या कामास नाव नव्हते, ते थांबले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. लक्ष्मीबाईंपुढे हाच प्रसंग होता. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या घरात.

येथे त्या जुन्या अक्षरओळखीने हात दिला. टिळकांनी आरंभिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य थोड्याशा अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात 64 अध्यायांची भर घातली; राहिलेला शेवट चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला. त्याबरोबरच त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. स्मृतिचित्रे या नावाने त्यांचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला, आणि शाळेत न गेलेल्या या बाईची गणना मराठीतील उत्तम गद्य लिहिणारांत होऊ लागली. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे त्या ख्रिस्तवासी झाल्या. त्यांच्या आठवणींची इंग्रजीत एकाहून अधिक भाषांतरे झाली असून मराठी वाचक त्या ग्रंथास अद्याप विसरलेला नाही.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रातून काय घ्यावे? लक्ष्मीबाईंना कोणी वर्गात बसवून पाळकाची पत्नी केले नाही, हे खरे. पण म्हणून शिक्षणावाचून चालते, असा अर्थ कोणी काढू नये. अर्थ उलटा आहे. नवऱ्याने चार अक्षरे शिकविली, एवढ्याच भांडवलावर त्यांनी इतके उभे केले. मग वेळेवर शिक्षण, सल्ला व धीर मिळता, तर किती दुःख वाचले असते! आणि अशी अक्षरेही ज्यांच्या वाट्यास आली नाहीत, अशा किती भगिनी आपले काम करून नाव न ठेवता गेल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेविला आहे?

वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती की, मुलीस शाळेतून काढण्याचा विचार मनात येईल तेव्हा लक्ष्मीबाईंस आठवावे. आणि मुलांनी आज घरी गेल्यावर आपल्या आईस विचारावे की, तिला काही वाचावेसे, लिहावेसे वाटते काय. तिने होय म्हटले, तर पाटी आपणच आणून द्यावी.