डेव्हीसाहेबांचा मदतनीस

साहेबाचा जाच सोसणाऱ्या माणसाला लोक दोनच सल्ले देतात. सोडून दे, नाही तर गिळून टाक. तीस वर्षांच्या नोकरीत हे दोन्ही मी पुष्कळदा ऐकले. पण जाच करणारा साहेबच आपला उपकारकर्ता असेल तर? अशा वेळी मला मायकेल फॅरडे आठवतो. ज्याच्या शोधावर विद्युतजनित्र फिरते आणि आपल्या घरात दिवा लागतो, तोच हा फॅरडे.

लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचता वाचता त्याला विज्ञानाचे वेड लागले. १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने तिकिटे दिली, म्हणून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने त्याला ऐकता आली. त्यांची टिपणे नीट उतरवून, स्वतः बांधून त्याने डेव्हींकडे पाठवली. १ मार्च १८१३ रोजी डेव्हींच्याच शब्दावर त्याला तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा मिळाली. आठवड्याला २५ शिलिंग आणि माळ्यावरच्या दोन खोल्या. एवढे उपकार डोक्यावर घेऊन माणूस कामाला लागला की पुढे तोंड उघडणे किती कठीण जाते, ते नोकरदार वाचकांना सांगायला नकोच.

त्याच ऑक्टोबरात डेव्ही सपत्नीक युरोपच्या दौऱ्यावर निघाले. त्यांच्या खासगी नोकराने ऐन वेळी यायचे नाकारले. पॅरिसपर्यंत त्याची कामे तू सांभाळ, तिथे दुसरा माणूस पाहू, असे फॅरडेला सांगण्यात आले. तो दुसरा माणूस दीड वर्षात काही मिळाला नाही. पॅरिसमध्ये आयोडीनचे प्रयोग झाले, फ्लॉरेन्सला मोठ्या भिंगाखाली हिरा जाळून तो निव्वळ कार्बन असल्याचे पाहिले. या सगळ्यात फॅरडे होताच, आणि सामानसुमान व खर्चाचा हिशेबही त्याच्याच गळ्यात होता. डेव्ही स्वतःची बरीच कामे स्वतः करीत. खरा छळ होता तो बाईसाहेबांचा. फॅरडेला नोकरांच्या पंगतीला बसवायचे, चारचौघांत त्याची पायरी दाखवून द्यायची, हा त्यांचा खाक्या.

फॅरडेने काय केले? लंडनच्या बेंजामिन अ‍ॅबट नावाच्या मित्राला लांबलचक पत्रे लिहिली आणि मनातले सारे त्यात ओतले. परत फिरण्याचा विचारही त्याने केला. पण डेव्हींच्या सोबतीत जे रसायनशास्त्र शिकायला मिळत होते ते दुसरीकडे कुठे मिळणार होते? म्हणून तो राहिला. मात्र मुकाट्याने नव्हे. बाईसाहेबांशी त्याचे खटके उडाले, आणि प्रत्येक खटक्यानंतर त्या थोड्या नरमल्या, असे त्याने १८१५ च्या फेब्रुवारीत कळवले आहे. हा भाग मला फार आवडतो. फॅरडेचा साधुपुरुष करून टाकणाऱ्या चरित्रांत तो पुसट होतो.

डेव्हींचा स्वतःचा जाच पुढे सुरू झाला, शिष्य मोठा होऊ लागल्यावर. १८२१ मध्ये फॅरडेने विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. त्याच दिशेने विचार करणाऱ्या वोलॅस्टन यांचा उल्लेख निबंधात राहून गेला, आणि चोरीची कुजबुज सुरू झाली. उल्लेख राहिला ही फॅरडेची चूकच. पण खरे काय ते ठाऊक असलेल्या डेव्हींनी ती कुजबुज थांबवली नाही. १८२३ मध्ये क्लोरीन वायूचा द्रव झाला, तेव्हा मूळ सूचना आपली होती हे सांगणारी पुरवणी डेव्हींनी फॅरडेच्या निबंधाला जोडली.

त्याच वर्षी २९ जणांच्या सह्यांनी रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी फॅरडेचे नाव सुचवले गेले. अध्यक्ष होते डेव्ही. त्यांनी फॅरडेला तो कागद काढून घ्यायला सांगितले. तो मी लावलेला नाही, सुचवणाऱ्यांनी लावला आहे, मी कसा काढू, असे फॅरडे शांतपणे म्हणाला. मग सुचवणाऱ्यांना काढायला सांग. ते ऐकणार नाहीत. मग अध्यक्ष म्हणून मीच काढतो. सोसायटीच्या हिताचे असेल तेच आपण कराल याची मला खात्री आहे, असे सांगून फॅरडेने विषय संपवला. ना आवाज चढला, ना पाऊल मागे गेले. ८ जानेवारी १८२४ रोजी तो निवडून आला. विरोधात एकच मत पडले. मतदान गुप्त होते.

डेव्हींशी पूर्वीसारखी मोकळीक मात्र पुन्हा कधी राहिली नाही. १८२९ मध्ये जिनिव्हाला डेव्ही वारले. विद्युतप्रवर्तनाचा शोध फॅरडेला लागला तो त्यानंतर दोन वर्षांनी, ऑगस्ट १८३१ मध्ये.

१८३५ मध्ये सरकारी निवृत्तिवेतनाच्या निमित्ताने पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांनी त्याला भेटीस बोलावले आणि शास्त्रज्ञांना असे वेतन देणे म्हणजे थोतांड आहे, अशा अर्थाचे काही बोलून बसले. चव्वेचाळीस वर्षांचा फॅरडे नमस्कार करून उठला, आणि त्याच संध्याकाळी नकाराची चिठ्ठी त्यांच्याकडे पोचती केली. पंतप्रधानांनी लेखी दिलगिरी कळवली, तेव्हाच वर्षाला ३०० पौंड त्याने स्वीकारले.