स्टीफन हिस्लॉप : नागपूरच्या मातीत विज्ञान शोधणारा शिक्षक



विज्ञानाचा प्रकल्प म्हटला की काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मुलं दुकानात जातात, थर्माकोल आणतात, नेटवरचा मजकूर उतरवून घेतात. आई-बाबा रात्री जागून चिकटवाचिकटवी करतात. गुण मिळतात आणि आठवड्याभरात प्रकल्प रद्दीत जातो. यात मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं काय? बहुतेक वेळा काहीच नाही.

म्हणून आज अशा एका माणसाची ओळख करून घेऊ, ज्याने आपल्याच नागपूरच्या आसपास पायी हिंडून जगाला नवी माहिती दिली. त्याचं नाव तुम्ही रोज ऐकता. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, ते स्टीफन हिस्लॉप.

बालपण आणि नागपूरला येणं

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या छोट्या गावी झाला. धर्मशास्त्राचं शिक्षण घेऊन ते मिशनरी झाले आणि १८४५ च्या सुरुवातीला नागपूरला पोहोचले. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं आणि इंग्रजांची छावणी कामठीला होती. रेल्वे यायला अजून बरीच वर्षं होती. ते इथे धर्मप्रसारासाठी आले होते, ही गोष्ट लपवायची नाही. त्या कामाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, शिक्षक म्हणून त्यांच्याकडून घेण्यासारखं बरंच आहे. इथे राहून ते मराठी शिकले आणि १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा काढली. याच कामातून पुढे, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, म्हणजे १८८३ मध्ये कॉलेज उभं राहिलं.

टाकळीचा शोध

आता मुख्य गोष्ट. १८५१ साली हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर टाकळीच्या बाजूला हिंडत होते. आजची टाकळी शहरात मिसळून गेली आहे, पण तेव्हा ते नागपूरच्या बाहेरचं खेडं होतं. तिथल्या दगडात त्यांना जीवाश्म दिसले. मग तो थर त्यांनी सोडला नाही. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, बिया, फळं, लाकडाचे तुकडे, अगदी भुंगेऱ्यांचे पंखसुद्धा त्यात मिळाले.

याचा अर्थ काय, हे मुलांना नीट समजावून सांगा. आपल्याकडचा काळा दगड, ज्याचा पाटा-वरवंटा आणि जातं होतं, तो बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तो बनला. पण लाव्हा एका दमात आला नाही. एक थर आला, थंड झाला, मग मध्ये पुष्कळ काळ गेला. त्या काळात खोलगट जागी तळी साचली, झाडं वाढली, गोगलगायी आणि किडे जगले. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकलं गेलं. दोन लाव्ह्यांच्या मधला हा थर म्हणजे त्या काळच्या नागपूरची जणू रोजनिशीच!

कामठीची पानं

कामठी आणि सिलेवाडा इथल्या वालुकाश्मात हिस्लॉप यांना पानांचे ठसे मिळाले. त्यात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पानं होती. हीच वनस्पती आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकातही सापडते. हे सगळे भूभाग एके काळी जोडलेले होते, याचा एक मोठा पुरावा म्हणून पुढे शास्त्रज्ञांनी तिच्याकडे बोट दाखवलं. त्या जोडलेल्या भूमीला नाव मिळालं गोंडवाना, आपल्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून. आणि योगायोग पाहा, हिस्लॉप यांनी गोंडांची भाषा, चालीरीती आणि लिंगोची कथागीतंही लिहून घेतली होती. ती टिपणं त्यांच्या पश्चात, १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापली.

त्यांची पद्धत

भूगर्भशास्त्र हा काही हिस्लॉप यांचा पोटापाण्याचा व्यवसाय नव्हता. शाळा, प्रवचनं, खेडोपाडी फिरणं यातून उरलेल्या वेळात ते हे करत. जे सापडलं ते कुठल्या थरात सापडलं, त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, याची ते नोंद ठेवत. शंखांचं वर्णन त्यांनी स्वतः केलं. जे आपल्या आवाक्याबाहेरचं, ते नमुने इंग्लंडला त्या-त्या विषयाच्या जाणकारांकडे पाठवले. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराची कवटी अशीच रिचर्ड ओवेन यांच्याकडे गेली. हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसरावरचा मोठा लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. एका खनिजाला त्यांच्यावरून हिस्लोपाइट हे नावही मिळालं.

अखेर

१८६३ च्या सप्टेंबरमध्ये ते टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले. दिवस पावसाळ्याचे होते. ४ सप्टेंबरला परतताना पुराचं पाणी चढलेला ओढा ते घोड्यावरून ओलांडू लागले आणि बुडाले. शेहेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

आपण काय करू शकतो?

धंतोलीतल्या मुलांना लांब कुठे जायला नको. सीताबर्डीची टेकडी अगदी जवळ आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात असतो, म्हणून तो उघडा असेल त्याच दिवशी जावं. महाराजबाग कृषी महाविद्यालयाची आहे. तीही जवळच. तुमच्या ओळखीच्या एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात झाडी, नाला किंवा पडीक जागा असेल, तर प्राचार्यांना पत्र द्या. परवानगी मिळाली की एवढं करा :

१. सहा-सात मुलांच्या गटाला एकच छोटी जागा ठरवून द्या आणि पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असं वर्षातून तीनदा तीच जागा दाखवा.

२. प्रत्येकाची वही वेगळी ठेवा. तारीख, वेळ, जागा, आणि हाताने काढलेलं एक तरी चित्र. फोटो नंतर.

३. दगड फोडायचे नाहीत, फांद्या तोडायच्या नाहीत. खाली पडलेलं उचलायचं, तेही कुठून उचललं ते लिहून.

४. नाव माहीत नसलं तर अंदाजाने लिहायचं नाही. जागा कोरी ठेवून जाणकाराला विचारायचं.

५. पावसात नाला वाहत असेल तर तो ओलांडायचा नाही. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी नाही. सहल पुढे ढकलता येते.

घाई मात्र करायला हवी. टाकळीसारख्या जागांवर आज घरं आणि रस्ते झाले आहेत. जे उघडं आहे तेही फार दिवस राहील असं नाही. येत्या सत्रात किमान एका वर्गासाठी एक जागा पक्की करा आणि पहिली फेरी दिवाळीच्या सुट्टीआधी उरकून घ्या. तेव्हा पाऊस थांबलेला असतो, गवत अजून हिरवं असतं आणि मुलांना पाहायला पुष्कळ काही मिळतं.