हाडं जाळली, पुस्तक उरलं : गोव्यातल्या पोर्तुगीज वैद्याची कहाणी

पणजीला चर्च चौकात उतरलं की समोरच महापालिकेचं उद्यान लागतं. गार्सिया द ओर्ता उद्यान या नावानं जुने पणजीकर ते ओळखतात. नाव कोणाचं असं विचारलं, तर कोणीतरी पोर्तुगीज साहेब असेल, एवढंच उत्तर बहुधा मिळतं. साहेब पोर्तुगीज होता हे खरं. पण तो सेनापती नव्हता, व्हाइसरॉय नव्हता, पाद्री तर नव्हताच. तो वैद्य होता. एके काळी मुंबई बेट त्याच्या नावावर वार्षिक खंडानं होतं. अहमदनगरचा निजामशहा त्याला दरबारी बोलावून घ्यायचा. आणि मरणानंतर बारा वर्षांनी याच गोव्यात त्याची हाडं उकरून जाळण्यात आली.

गार्सियाचा जन्म 1501 च्या सुमाराचा. गाव कास्तेलो द व्हिदे, पोर्तुगालच्या पूर्वेला, स्पेनच्या हद्दीला लागून. सीमेवरच्या गावाची गंमत आणि दुखणं दोन्ही आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. त्याचे आईवडील मूळचे सीमेपलीकडचे, स्पेनमधले ज्यू. 1492 मध्ये स्पेननं ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा हजारो कुटुंबं पोर्तुगालात आली. पाचच वर्षांनी, 1497 मध्ये, पोर्तुगालनं त्यांना सक्तीनं ख्रिस्ती करून घेतलं. अशा लोकांना नवे ख्रिस्ती म्हणत. नाव बदललं, चर्चला जाणं सुरू झालं, तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर कायम. शनिवारी चूल पेटली का, घरात डुकराचं मांस शिजतं का, यावर लक्ष. गार्सिया जन्मला तो अशा घरात, बाप्तिस्मा घेऊनच.

वडील व्यापारी, परिस्थिती बरी. मुलाला सालामांका आणि अल्काला या स्पेनमधल्या विद्यापीठांत पाठवलं. युरोपात विद्येचं पुनरुज्जीवन चाललं होतं तो हा काळ. ग्रीक आणि रोमन ग्रंथ नव्यानं वाचले जात होते, छापले जात होते, आणि त्यातला शब्द म्हणजे शेवटचा शब्द असं मानलं जात होतं. वैद्यक शिकायचं म्हणजे गॅलन आणि डायोस्कोरिदेस तोंडपाठ करायचे. गार्सिया शिकून परतला, 1526 मध्ये त्याला वैद्यकीचा परवाना मिळाला, पुढे लिस्बनच्या विद्यापीठात शिकवायलाही लागला. बसल्या जागी आयुष्य निघालं असतं अशी नोकरी. ती सोडून मार्च 1534 मध्ये तो भारताच्या जहाजावर चढला. समुद्राचा कप्तान म्हणून निघालेल्या मार्तिम आफोन्सो द सौझा याचा खासगी वैद्य म्हणून.

का गेला, याचं उत्तर तारखांत सापडतं. लिस्बनमध्ये इन्क्विझिशन आणण्याची बोलणी तेव्हा चालू होती. धर्मद्रोही शोधून त्यांना शिक्षा करणारं हे धर्मन्यायालय, आणि नवे ख्रिस्ती हेच त्याचं मुख्य लक्ष्य. 1536 मध्ये ते पोर्तुगालात सुरू झालं. गार्सिया त्याआधी दोन वर्षं निसटला होता.

सप्टेंबर 1534 मध्ये तो गोव्याला उतरला. पहिली चार वर्षं सौझाबरोबर गुजरातपासून खाली मलबारपर्यंत मोहिमांत गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या बहादूरशहानं वसईच्या तहात मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली, आणि तो सगळा मुलूख गार्सियानं फिरून पाहिला. घारापुरीची लेणी त्यानं पाहिली आणि पुढे आपल्या पुस्तकात तिचं वर्णन केलं. 1538 मध्ये सौझा मायदेशी परतला, हा मात्र राहिला. तीन-चार वर्षांनी जाऊ असं म्हणत आलेला माणूस चौतीस वर्षं इथेच राहिला आणि इथेच मेला.

गोव्यात त्याचं बस्तान चांगलं बसलं. व्हाइसरॉय आणि बडे अधिकारी त्याचे रोगी. वैद्यकीबरोबर औषधी माल आणि रत्नं यांचा व्यापारही होता. हा व्यापार बाजूला काढून चालणार नाही. माल कुठून येतो, भेसळ कशाची होते, कोणत्या बंदरात काय भाव, हे ज्याला धंद्यासाठी माहीत असावं लागतं, तो माणूस पुस्तकातल्या वर्णनावर सहज विश्वास ठेवत नाही. युरोपातले पंडित दालचिनीबद्दल जुन्या ग्रीक दंतकथा सांगत होते, की पक्षी तिच्या काड्यांची घरटी बांधतात वगैरे. गार्सियाच्या वखारीत सिलोनची दालचिनी पोत्यांनी पडलेली असे.

अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचं नातं वैद्य आणि रोगी यापुढे गेलेलं होतं. अनेकदा तो नगरला जाऊन राहिला. शहा स्वतः शिकलेला. रोगांची आणि औषधांची अरबी नावं शहानं त्याला शिकवली, आणि यानं शहाला लॅटिन नावं सांगितली. दरबारातल्या हकिमांशी वाद-चर्चा व्हायच्या. तिथेच त्याच्या लक्षात आलं की युरोपात ज्यांना दुय्यम समजतात ते अरबी आणि इराणी वैद्य भारतातल्या औषधांबाबत ग्रीकांपेक्षा कितीतरी नेमके आहेत. हिंदू वैद्यांकडूनही तो शिकला. त्याच्या पुस्तकात मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन माहिती देऊन जातो. आपल्याच विद्यापीठाची पदवी घेतलेल्या माणसानं हे छापून मान्य करणं त्या काळी सोपं नव्हतं.

1550 च्या दशकात सरकारनं मुंबईचं बेट त्याला वार्षिक खंडानं दिलं. तेव्हाची मुंबई म्हणजे नारळ, भातशेती आणि कोळीवाडे. तिथे त्याचं एक आंब्याचं झाड होतं, वर्षातून दोनदा फळायचं, एकदा हंगामात आणि एकदा वर्षाच्या अखेरीला. त्याचं कौतुक तो पुस्तकात करतो, आणि मुंबईच्या कुळानं गव्हर्नरसाठी आंब्यांची टोपली आणल्याचा प्रसंगही त्यात आहे. त्याचं तिथलं घर पुढे हातोहात गेलं. 1665 मध्ये मुंबई इंग्रजांच्या ताब्यात दिल्याच्या कागदावर सह्या झाल्या त्या याच वाड्यात.

आता पुस्तकाबद्दल. 10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात ते छापून झालं. गोव्यात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झाली होती. छपाई इतकी वाईट की शुद्धिपत्रच वीस पानांचं, आणि ते अपुरं आहे असं त्यातच कबूल केलेलं. विषय भारतातल्या औषधी वनस्पती आणि मसाले. मांडणी संवादाची. एक रुआनो नावाचा कल्पित डॉक्टर स्पेनमधून येतो, त्याला सगळं ग्रंथातलं माहीत. तो जुन्या आचार्यांचे दाखले देत राहतो आणि ओर्ता त्याला वस्तू दाखवत राहतो. मध्येच अँटोनिया नावाच्या नोकराणीला हाक मारायची, ती फळ किंवा पानं घेऊन येते. वाद झाला की फळ कापून बघा.

पुस्तकात वेलची, लवंग, आलं, हळद, फणस, नारळ, विड्याचं पान, अफू, भांग, कोरफड, निर्गुंडी, सगळं आहे. चिंचेला अरब लोक हिंदचा खजूर म्हणतात, म्हणून ती खजुराच्या झाडाला लागते असं समजू नका, हे तो समजावतो. धोतरा खायला घालून चोऱ्या कशा करतात ते सांगतो. हिंगाचा किस्सा तर आपल्या भागाशी जोडलेला. विजयनगरच्या राजाकडे एक पोर्तुगीज घोडा विकायला गेला. घोडा उमदा, पण पोटात वात धरलेला, म्हणून राजा घेईना. व्यापाऱ्यानं त्याला पिठातून हिंग चारला. घोडा बरा झाला, राजानं विकत घेतला. काय औषध दिलंस असं विचारल्यावर व्यापाऱ्यानं हिंगाचं नाव सांगितलं, तेव्हा राजाला काही नवल वाटलं नाही, कारण त्याच्या मते हिंग म्हणजे देवांचं खाणं. ओर्ताला स्वतःला हिंगाचा वास अजिबात सोसत नसे.

पटकीचं त्यानं केलेलं वर्णन वैद्यकाच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे. खोल गेलेले डोळे, लागत नसलेली नाडी, थंड पडलेलं अंग, काही तासांत मृत्यू. हे त्यानं रोग्याच्या उशाशी बसून पाहिलेलं. इथल्या लोकांचं रोगाचं नावही त्यानं टिपलं. आपल्याकडच्या मोडशीवरून पोर्तुगीजांनी मोर्देशी केलं, आणि फ्रेंचांच्या तोंडी त्याचं चक्क कुत्र्याचं मरण असा अर्थ होणारं नाव झालं.

चुकाही आहेत. पांढरी आणि काळी मिरी वेगवेगळ्या वेलींवर येते असं तो ठामपणे सांगतो, ते बरोबर नाही. पण आपण स्पेनमध्ये असतो तर गॅलनविरुद्ध ब्र काढायची हिंमत झाली नसती, हे मोकळेपणानं सांगणारा माणूस त्या काळात विरळाच. या पुस्तकात आणखी एक कविता आहे, गोव्यात तेव्हा हलाखीत दिवस काढणाऱ्या लुईस द कामोंइशची. पुढे पोर्तुगालचा महाकवी झालेल्या या माणसाची छापून आलेली ही पहिली कविता मानतात.

आणि मुखपृष्ठावर परवानगी देणाऱ्यांमध्ये एक नाव आहे : आलेशो दियाश फाल्काँव. गोव्यातल्या इन्क्विझिशनचा न्यायाधीश. ते न्यायालय 1560 मध्ये गोव्यात येऊन पोचलं होतं.

ओर्ताला धोका माहीत नव्हता असं नाही. 1543 मध्येच, त्याचा जुना आश्रयदाता सौझा गव्हर्नर असताना, जेरॉनिमो दियाश नावाच्या नव्या ख्रिस्ती वैद्याला गोव्यात धर्मद्रोहासाठी मारून जाळलं होतं. तोच धंदा, तेच शहर, तीच पार्श्वभूमी. ओर्ताची आई आणि बहिणी लिस्बनमध्ये कैद भोगून 1549 च्या सुमारास त्याच्याकडे गोव्यात आल्या होत्या. त्याचं लग्न झालेलं, दोन मुली. रविवारी चर्च चुकत नव्हतं. 59 संवादांच्या त्या जाड पुस्तकात झाडाच्या सालीपासून नगरच्या राजकारणापर्यंत सगळं येतं, स्वतःच्या घराण्याबद्दल मात्र एक अक्षर नाही.

1568 मध्ये तो वारला, आपल्या बिछान्यात, प्रतिष्ठित वैद्य म्हणून. काही महिन्यांतच बहीण कातारिनाला अटक झाली. घरच्यांच्याच जबान्या घेतल्या गेल्या आणि त्यातून गार्सियाही आयुष्यभर मनानं ज्यूच राहिला होता हे बाहेर आलं. 25 ऑक्टोबर 1569 रोजी कातारिनाला गोव्यात जिवंत जाळलं. भावावरचा खटला तो मेलेला असूनही चालू राहिला. 1580 च्या डिसेंबरात थडगं उकरून त्याची हाडं सार्वजनिक शिक्षेच्या सोहळ्यात जाळण्यात आली.

तोपर्यंत पुस्तक हाताबाहेर गेलं होतं. 1564 मध्ये क्लुसियस नावाच्या फ्लेमिश वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याची प्रत पोर्तुगालात मिळाली. त्यानं लॅटिनमध्ये संक्षेप केला, 1567 मध्ये अँटवर्पला प्लांतँच्या छापखान्यात तो निघाला आणि पुन्हा पुन्हा छापला गेला. त्यातली एक आवृत्ती 1579 ची, म्हणजे हाडं जाळण्याच्या आदल्याच वर्षीची. इटालियन आणि फ्रेंच भाषांतरं झाली. क्रिश्तोव्हाँव द कोश्ता यानं त्यातला बराच मजकूर घेऊन 1578 मध्ये स्वतःचा सचित्र ग्रंथ काढला. इंग्रजीत यायला मात्र 1913 उजाडलं.

पोर्तुगालात काउंट फिकाल्यो यानं 1886 मध्ये ओर्ताचं मोठं चरित्र लिहिलं, त्यात खटल्याचा पत्ता नाही. इन्क्विझिशनचे कागद धुंडाळून आउगुश्तो द सिल्व्हा कार्व्हाल्यो यांनी कातारिनाचा आणि तिच्या भावाचा सगळा वृत्तांत 1934 मध्ये छापला. लिस्बनजवळ आल्मादा इथे आज ओर्ताच्या नावाचं मोठं सरकारी इस्पितळ आहे, आणि पोर्तुगालच्या वीस एस्कुदोंच्या नोटेवर त्याचं चित्रही येऊन गेलं.