संशयाचे घर : कै. गोविंद बल्लाळ देवल

मांजरी बुद्रुकहून कॉलेजला यायचे म्हणजे हडपसरच्या गर्दीत बस अर्धा तास अडकणार, हे धरूनच घराबाहेर पडावे लागते. त्या अर्ध्या तासात माझे पुष्कळ वाचन झाले आहे, आणि प्रांजळपणे सांगायचे तर ते सगळे अभ्यासक्रमातले नाही. नवरा बायकोपासून काहीतरी लपवितो आहे, बायको नवऱ्यापासून, सासूला दोघांचेही ठाऊक आहे आणि माळ्यावरच्या ट्रंकेत एक जुने पत्र पडून आहे, अशा जातीच्या थरारकादंबऱ्या मी एकामागून एक संपविल्या. गुन्हा कोणी केला यापेक्षा माणसाच्या मनात काय कुजत गेले, हे सांगणाऱ्या या कादंबऱ्या. त्यांना मानसशास्त्रीय म्हणतात. हे सारे इंग्रजीतून आपल्याकडे अलीकडेच आले असावे, अशी माझी समजूत होती.

मराठीच्या तासाला 'संशयकल्लोळ' शिकताना ती मोडली. या नाटकावर आपण पोट धरून हसतो, पण त्याच नाटककाराने त्याआधी 'झुंझारराव' लिहिले होते आणि त्यात नवरा संशयाने बायकोचा गळा दाबतो, असे सरांनी जाता जाता सांगितले. एकाच माणसाने एकाच विषयावर एकदा खून लिहिला आणि एकदा विनोद लिहिला. हा माणूस कोण होता, याचा शोध घेताना जे हाती लागले, ते येथे मांडीत आहे.

गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म 13 नोव्हेंबर 1855 चा. त्यांचे बालपण सांगलीजवळच्या हरिपुरात गेले. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे हे गाव. सांगली ही तर मराठी नाटकाची जन्मभूमीच. देवलांच्या जन्मापूर्वी बारा वर्षे, 1843 साली, विष्णुदास भाव्यांनी तेथे 'सीतास्वयंवर' उभे केले होते. म्हणजे देवल वाढले ते नाटकाच्या गोष्टी कानावर पडणाऱ्या मुलखात. पुढे बेळगावच्या शाळेत त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षक म्हणून लाभले. हा योगायोग केवढा मोठा! 1880 साली किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा ओघ सुरू झाला. देवल त्या ओघात गुरूच्या बरोबरीनेच उतरले. पुण्यातल्या आर्योद्धारक नाटक मंडळीशीही त्यांचा संबंध होता. ही मंडळी गद्य नाटके करणारी, शेक्सपिअरचा नाद असलेली. एका हाताला गाणे आणि दुसऱ्या हाताला शेक्सपिअर, असे देवलांचे शिक्षण झाले म्हणावयास हरकत नाही.

1885 साली किर्लोस्कर वारले. त्यांच्यामागे किर्लोस्कर मंडळीत नटांना तालमी देण्याचे काम देवलांकडे आले. ही त्यांची दुसरी कीर्ती. गणपतराव बोडसांसारखा नट त्यांना गुरू मानीत असे. बालगंधर्वांनाही त्यांची तालीम मिळाली. वाक्य कोठे तोडावे, कोठे थांबावे, आणि मुख्य म्हणजे न बोलता उभे कसे राहावे, हे ज्याला नटाला शिकवावे लागते, त्याला माणसाच्या चेहऱ्यावर संशय कसा चढत जातो हे पाहण्याची सवयच लागत असावी. हा माझा तर्क आहे, पण त्यांची नाटके वाचताना तो खरा वाटतो.

देवलांच्या नावावर एकंदर सात नाटके आहेत. त्यांपैकी 'शारदा' तेवढे स्वतंत्र. बाकीची सारी संस्कृतावरून किंवा इंग्रजीवरून घेतलेली. 'विक्रमोर्वशीय', 'मृच्छकटिक' आणि 'शापसंभ्रम' ही संस्कृत घराण्यातली नाटके मी येथे बाजूला ठेवतो. माझे लक्ष आहे ते इंग्रजी वळणाच्या तिघांकडे आणि शेवटी 'शारदे'कडे.

पहिले 'दुर्गा', 1886 सालचे. मूळ कथा इंग्लंडात सतराव्या शतकाच्या अखेरीस सदर्न याने रंगविली आणि पुढे गॅरिकने तिला नवे रूप दिले. एक तरुण लढाईवर जातो आणि मेल्याची बातमी येते. त्याची बायको मुलाला घेऊन दारिद्र्यात दिवस काढते, सासरा तिला उभी करीत नाही. धाकट्या दिराला मात्र भाऊ जिवंत असल्याचे ठाऊक आहे. भावाची पत्रे तो दाबून ठेवतो, कारण भाऊ परत न येण्यात त्याचा फायदा आहे. उलट तो वहिनीला दुसऱ्या लग्नाकडे ढकलतो. लग्न होते, आणि पहिला नवरा दारात येऊन उभा राहतो. आजच्या कोणत्याही थरारकादंबरीच्या वेष्टनावर हा सारांश जसाच्या तसा छापता येईल! पण देवलांनी हे कधी मराठीत आणले ते पाहावे. पुनर्विवाहाचा कायदा होऊन तीस वर्षे लोटली होती, तरी विधवेच्या लग्नाचा नुसता विषय निघाला की घरात दोन तट पडत. अशा प्रेक्षकांपुढे त्यांनी एक बाई उभी केली, जिने कोणालाच फसविले नाही आणि जी तरीही दोन नवऱ्यांची बायको ठरली. फसवणूक घरातल्याच माणसाची, आणि शिक्षा तिला. मूळ नाटकात ती वेडी होऊन मरते.

चार वर्षांनी 'झुंझारराव' आले. शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो' मराठीला नवा नव्हता. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 सालीच त्याचे भाषांतर केले होते. पण भाषांतर वाचले जाते आणि 'झुंझारराव' पाहिले गेले. ऑथेल्लोचा झाला झुंझारराव, डेस्डेमोनाची झाली कमळजा आणि इयागोचा झाला जाधवराव. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी झुंझारराव गाजविला. जुन्या पिढीला गणपतराव आठवत ते हॅम्लेटसाठी आणि या भूमिकेसाठी.

या कथेत रहस्य असे काहीच नाही, हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी चकित झालो. दुष्ट कोण, हे पहिल्या अंकातच कळते. कमळजा निर्दोष आहे हेही कळते. मग श्वास कशासाठी रोखला जातो? तर नवरा बायकोला सरळ विचारील का, आणि विचारील तेव्हा वेळ गेलेली असेल का, एवढ्याचसाठी. जाधवराव खोटे फार थोडे बोलतो. तो अर्धे बोलून थांबतो, सांगायला नको म्हणतो, विषय बदलतो, आणि उरलेले वाक्य झुंझाररावाचे मन पुरे करते. पुरावा म्हणाल तर एक हातरुमाल. हरवलेला, भलत्याच माणसाकडे सापडलेला. कमळजेला तो कोठे गेला हे सांगता येत नाही, आणि सांगता न येणे हाच गुन्हा ठरतो.

तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट जाणवते. आपल्यावर संशय आहे, हे तिला बराच वेळ कळतच नाही, कारण तिने स्वतः कधी कोणाचा संशय घेतलेला नाही. म्हणून ती नेमके करू नये तेच करते. ज्याच्यावरून नवऱ्याचे डोके फिरले आहे, त्याच माणसासाठी त्याच्याकडे रदबदली करते. निष्पाप माणसाला स्वतःचा बचाव करता येत नाही. दोषी माणसाची तयारी झालेली असते.

हीच युक्ती पुढे जगभर वापरली गेली. 1938 साली पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाने 'गॅस लाइट' नावाचे नाटक लिहिले. त्यातला नवरा बायकोला ती वेडी होत चालली आहे असे हळूहळू पटवितो. त्या नाटकाच्या नावावरून अशा छळाला इंग्रजीत नावच पडले. त्याच वर्षी डाफ्ने ड्यू मॉरिएची 'रिबेका' आली. तिच्यात मेलेली पहिली बायको घरभर वावरते आणि नवऱ्याचे गुपित शेवटपर्यंत दडून राहते. 2012 सालची 'गॉन गर्ल' तर आपल्यापैकी कित्येकांनी वाचली असेल. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयाला घराच्या आत आणले. या सर्वांचे सामान निराळे, पण घरातल्या घरात मन पोखरण्याची रीत जाधवरावाला आधीच ठाऊक होती. रुमालाच्या जागी आज मोबाइलवरचा अर्धा पुसलेला निरोप आला आहे, एवढाच फरक.

आणि आता त्या माणसाची गंमत पाहा. 1890 साली 'झुंझारराव' आणि 1893 साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'! मूळ मोलिएरचे, 1660 सालचे, आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराच्या हातून फिरून देवलांकडे आलेले. रुमाल गेला आणि तसबीर आली. फाल्गुनराव रस्त्यात मूर्च्छा आलेल्या रेवतीला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि ती बायकोच्या हातात आहे हे फाल्गुनराव पाहतो. झाले! चार माणसे एकमेकांच्या मागे धावू लागतात आणि प्रत्येकाजवळ डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे. साऱ्या नाटकात व्यभिचार कोणी करीत नाही. 'झुंझारराव'मध्येही करीत नाही. दोन्ही नाटकांत जे घडलेच नाही, त्यावरून घर पेटते.

मग एक रडवितो आणि दुसरा हसवितो, असे का? आमच्या वर्गात यावर बरीच चर्चा झाली. फाल्गुनरावाजवळ जाधवराव नाही, म्हणजे आग लावणारा तिसरा माणूस नाही, हे एक उत्तर. मला दुसरे अधिक पटते. कृत्तिका कमळजा नाही. ती नवऱ्याइतकीच संशयी आहे, तोंडाने त्याला भारी आहे, आणि एका आरोपाला दोन आरोपांनी उत्तर देते. भांडण बरोबरीचे आहे म्हणून हसता येते. देवलांनी गळा दाबणारा नवरा आधी लिहिला आणि उलट बोलणारी बायको नंतर लिहिली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

परीक्षेच्या आधी मी तसबिरीचा प्रवेश घरी, मांजरीला, ओट्यावर बसून मोठ्याने वाचीत होतो. आजी शेंगा सोलीत ऐकत होती. मला वाटले, ती हसेल. ती हसली नाही. नाटक संपल्यावर त्या कृत्तिकेचे पुढे काय झाले, तो पुन्हा संशय घ्यायचा राहिला का, एवढेच तिने विचारले. आमच्या आळीत पूर्वी एक बाई होती, तिच्या नवऱ्याने तिला विहिरीवर एकटी जाऊ दिली नाही, असे काहीसे सांगून ती गप्प झाली. मी आणखी विचारले नाही.

'शारदा' 1899 साली इंदूरला प्रथम रंगभूमीवर आले. हरिपूरच्या पारावर बसून देवलांनी ते लिहिले, असे त्या गावचे लोक सांगतात. येथे संशय नाही, पण फसवणूक आहे, आणि ती बापाची आहे. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ व्यवहार जुळवितो. म्हाताऱ्याचे वय झाकले जाते, घरातली बाई ओरडत राहते. शेवटी वधूवर सगोत्र असल्याचे उघड होऊन लग्न मोडते. मला हे खटकते. साठ वर्षांचे अंतर लग्न मोडायला पुरे पडत नाही, गोत्र पुरे पडते! देवलांना हे कळत नव्हते असे कसे म्हणावे? आपल्या प्रेक्षकांना कोणते कारण मान्य होईल, हे त्यांना पुरते ठाऊक असावे. लग्न मोडल्यावरही शारदा नदीत जीव द्यायला जाते आणि कोदंड तिला वाचवितो. जाता जाता सांगतो : 1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला शारदा कायदा म्हणतात, तो हरविलास सारडा यांच्या नावावरून. नाटकाशी त्याचा संबंध नाही, पण मराठी माणसाच्या मनात दोन्ही शारदा एकत्र झाल्या आहेत.

शेवटच्या काळात देवल पुन्हा संशयाकडेच वळले. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी 1913 साली गंधर्व नाटक मंडळी काढली होती. तिच्यासाठी त्यांनी जुन्या 'फाल्गुनरावा'त पदे घालून त्याचे 'संगीत संशयकल्लोळ' केले. ज्या गोष्टीला तेवीस वर्षांपूर्वी हात घातला, तिच्यावर ते उतारवयात पुन्हा बसले. 14 जून 1916 रोजी देवल वारले. नाट्य परिषद आजही हा दिवस त्यांच्या नावाने पाळते आणि रंगकर्मींना पुरस्कार देते.

'संशयकल्लोळ'चा पहिला प्रयोग त्याच वर्षी 20 ऑक्टोबरला झाला. बालगंधर्व रेवती होते, बोडस फाल्गुनराव होते. गुरू नव्हते. ते नाटक तेव्हापासून चालूच आहे. व्यावसायिक मंडळी करतात, हौशी करतात, आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनातही त्यातला एक प्रवेश झाला आहे. 'झुंझारराव' मात्र मागे पडले. 1961 साली शिरवाडकरांनी 'ऑथेल्लो' नव्याने मराठीत आणला. देवलांचे जुने पुस्तक आमच्या ग्रंथालयातल्या शेवटच्या कपाटात आहे. मी ते घेतले तेव्हा त्यावर कित्येक वर्षांत तारखेचा शिक्का पडलेला नव्हता. पुढचा शिक्का माझा आहे. पुस्तक मी परत केले आहे.