खालची सही

बँकेत तेहतीस वर्षे काढल्यावर माणसाला एक खोड लागते. कागद हाती आला की मजकुराआधी खालची सही पाहायची. निवृत्तीनंतरही माझी ही खोड गेलेली नाही, असे मी समजत होतो. गेल्या पावसाळ्यात तो भ्रम फिटला.

टिटवाळ्याला आमच्या सोसायटीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. अंगारकीला महागणपतीच्या देवळात गर्दी किती, काळू नदीचे पाणी कुठवर चढले, मुंबईची लोकल किती उशिरा, अशी उपयोगाची माहिती त्यावर येते. एका सकाळी भाच्याने निरोप पाठवला की गावातली अमुक पतपेढी बुडाली, पैसे काढून घ्या. खाली सही नाही, तारीख नाही. चहा घेता घेता मी तो ग्रुपवर ढकलला. अकराच्या सुमारास भाजीला बाहेर पडलो, तर पतपेढीच्या पायऱ्यांवरची रांग रस्त्यापर्यंत आलेली! आमच्या मजल्यावरच्या आजी पासबुक पिशवीत घालून रांगेत उभ्या होत्या. बँकेतल्या माणसानेच कळवले म्हणून त्या निर्धास्तपणे आल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांनी माझे आभारही मानले.

पतपेढी बुडालेली नव्हती. पण ठेवीदारांची अशी रांग लागली की धडधाकट संस्थाही आडवी होऊ शकते, हे मीच नव्या कारकुनांना वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. त्या रात्री झोप येईना, तेव्हा मला गोपाळ गणेश आगरकर आठवले. दुसऱ्याच्या खोट्या कागदावर विश्वास ठेवून तो लोकांपुढे मांडल्याची सजा त्यांनी भोगली होती.

आगरकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी अंगात घालणारा विद्यार्थी. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी त्यांचा जन्म झाला. शिक्षणापायी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण केली, मधूनच मामलेदार कचेरीत उमेदवारी आणि दवाखान्यात कंपाउंडरकी. एम. ए.च्या उंबरठ्यावर असताना, मुलाला आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल या आशेवर बसलेल्या आईला त्यांनी पत्राने कळवले, की पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामी घालवणार. हे पत्र वाचून त्या माऊलीने काय केले असेल, हा प्रश्न मला कादंबरीकार म्हणून नेहमी छळतो.

चिपळूणकर, टिळक, नामजोशी या मंडळींबरोबर ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. जानेवारी १८८१मध्ये 'मराठा' आणि 'केसरी' निघाले. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. वय पंचविशीच्या आतले.

पहिले वर्ष सरते न सरते तोच कोल्हापूरचे प्रकरण उभे राहिले. छत्रपती चौथे शिवाजी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. महाराजांना वेड लागले आहे, असे सरकारचे म्हणणे. कारभारी रावबहादूर बर्वे छळ करून त्यांना वेडे ठरवत आहेत, अशी लोकांत बोलवा. पुण्यात या मंडळींच्या हाती काही पत्रे आली. ती बर्व्यांचीच आहेत, असे आणणाऱ्यांनी सांगितले. पत्रांच्या आधारे दोन्ही वृत्तपत्रांनी कारभाऱ्यांवर तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि कोर्टात पत्रे बनावट ठरली.

पत्रे आगरकरांनी लिहिली नव्हती, टिळकांनीही नाही. दोघांनी माफी मागितली. तरी जुलै १८८२मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले, उरलेल्या दिवसांची सूट मिळाली. आगरकरांनी त्या कोठडीत 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे काम केले, तेच पुढचे 'विकारविलसित'. सुटल्यावर तुरुंगातल्या दिवसांवर पुस्तकही लिहिले. त्यातला सूर रडका नाही, याचे मला फार कौतुक वाटते.

पुढच्याच वर्षी ते तरुण छत्रपती अहमदनगरच्या किल्ल्यात, सरकारी पहाऱ्यात असतानाच वारले. म्हणजे लोकांची काळजी अगदीच वावगी नव्हती. पत्रे मात्र खोटीच होती. खाते खरे आणि सही खोटी असेल तर बँकेत चेक परतच जातो.

या खटल्यात जबाबदार कोण, हे शोधत बसावे लागले नाही. वृत्तपत्रावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव छापलेच पाहिजे, असा १८६७पासून कायदा होता. आज तीच पत्रे फेसबुकवर फिरली असती, तर कंपनीतले कोणीही डोंगरीला गेले नसते. आपल्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९वे कलम अशा कंपन्यांना मध्यस्थ मानते. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश येऊनही मजकूर हटवला नाही, तर हे संरक्षण जाते. पोस्टमनला पत्रातल्या मजकुराबद्दल कोणी पकडत नाही, हे मला मान्य आहे. पण कोणते पत्र आधी दाखवायचे आणि शेजारी कोणती जाहिरात लावायची, हे काही पोस्टमन ठरवत नाही. ते संपादक ठरवतो. संपादकाची मिळकत घ्यायची आणि पोस्टमनची टोपी घालायची, हे मला पटत नाही.

कायद्याचा बडगा बसला तो भलतीकडेच. २०१२ साली पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिणारी मुलगी आणि त्या ओळींना पसंती देणारी तिची मैत्रीण, दोघींना तिथे अटक झाली. लावलेल्या कलमांत ६६-अ होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये ते रद्दच केले. उलट १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. अफवा पहिल्यांदा कोणी लिहिली, कोणास ठाऊक! त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात ढकलपत्राला एका वेळी पाच ठिकाणांची मर्यादा घातली.

आगरकर १८८७मध्ये 'केसरी'तून बाहेर पडले. १८८८मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. त्यातल्या बालविवाह, केशवपन यांवरच्या लेखांनी पुणे खवळले. हल्ली ज्याला ट्रोलिंग म्हणतात, ते त्यांच्या दारात चालत आले. पुणेकरांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. या माणसाने त्यावर पत्र बंद केले नाही, की टोपणनावाआड लपूनही बसला नाही. दमा लहानपणापासूनचा सोबती होता. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच १७ जून १८९५ रोजी ते गेले, वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे त्यांनी आधीच पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.

मी सकाळी ग्रुपवर माझे नाव आणि खोली क्रमांक घालून लिहिले, की कालचा निरोप खोटा होता आणि तो मी पाठवला होता. मग पतपेढीत गेलो. व्यवस्थापकांनी चहा मागवला, जास्त काही बोलले नाहीत. आजींनी मुदतीआधी ठेव मोडली होती, व्याज कापले गेले होते. तेवढी रक्कम मी पाकिटात घालून नेली, त्यांनी घेतली नाही.

परवा तोच निरोप मुरबाडच्या एका नातेवाइकांकडून मला पुन्हा आला. शब्द तेच, पतपेढी दुसरी.