तारण नसलेला कारागीर

कर्जाच्या अर्जात 'तारण' नावाचा एक रकाना असतो. बँकेत नोकरी केली तेवढी वर्षे, अर्ज हातात आला की माझी नजर आधी तिथे जायची. मिरजेच्या शाखेत असताना तंबोरे करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचा अर्ज मी त्याच रकान्यावर बोट ठेवून परत केला होता. माळ्यावर वाळत घातलेले भोपळे आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या चार दांड्या, एवढीच त्याची मालमत्ता. निवृत्तीनंतर आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश माणसाची हकीकत वाचनात आली आणि तो म्हातारा पुन्हा समोर येऊन बसला.

मैफिलीत मांडीवर घेऊन बोटांनी वाजवतात त्या गिटारीचा आजचा घाट तोरेसने पक्का केला. १३ जून १८१७ रोजी दक्षिण स्पेनमधल्या आल्मेरियाजवळच्या एका वस्तीत तो जन्मला. वडील करवसुली करणारे. बाराव्या वर्षी पोरगा सुताराच्या हाताखाली गेला. पुढे गादीच्या वारसावरून देशात युद्ध पेटले आणि सक्तीच्या सैन्यभरतीत त्याचे नाव आले. वडिलांनी खटपट करून त्याला प्रकृतीच्या कारणावरून सोडवले आणि पुन्हा बोलावणे नको म्हणून १८३५ मध्ये घाईघाईने त्याचे लग्न लावून दिले. नवरा अठरा वर्षांचा, नवरी तेरा. तीन मुली झाल्या, त्यांतल्या दोन गेल्या. १८४५ मध्ये बायकोही क्षयाने वारली, अवघी तेवीस वर्षांची. या दहा वर्षांत तो सतत देणेकऱ्यांच्या धाकात होता. माझ्यासारख्या अधिकाऱ्याने असला अर्ज वाचायलाही घेतला नसता.

मग तो सेव्हिलला आला. तिथल्या सेर्राखेरिया नावाच्या गल्लीत, म्हणजे कुलूपवाल्यांच्या आळीत, त्याने दुकान थाटले. गिटारी तो आधीही करत होता, पण हाच धंदा धर, असा आग्रह केला हुलियान आर्कास या त्या काळच्या नामवंत वादकाने. सुताराचा वाद्यकार झाला तो असा, पस्तिशीच्या आसपास.

अशा दुकानात दिवस कसा जात असेल, याचा अंदाज कामावरूनच बांधता येतो. इतर देशांत पुष्कळ कारागीर पेटी आधी करतात आणि दांडी मागाहून जोडतात. स्पॅनिश रीत उलटी. इथे दांडी आधी. ती सीडारची, नाव देवदाराची आठवण करून देणारे असले तरी हे झाड नात्याने महोगनीचे आणि आपल्या तुणीचे. हलके, सरळ रेषेचे, पटाशीला न अडणारे. दांडीच्या बुडाला दोन्ही अंगांनी करवतीने बारीक चिरा पाडायच्या आणि ओल्या करून तापल्या लोखंडावर वाकवलेल्या बाजूच्या पट्ट्या त्या चिरांत सरसाने बसवायच्या. म्हणजे सगळी गिटार दांडीभोवती उभी राहते. सकाळी दांडीचा कोन चुकला तर ती चूक वाद्याच्या जन्माला पुरते. नंतर दांडी काढून दुसरी लावीन म्हणायची सोय नाही.

मग पाठीमागची गोलाई. रंधा, कानस आणि शेवटी पोलादी पात्याने खरवडणे. मापे कागदावर असतात, पण दांडी वादकाच्या अंगठ्याला पटायची असते, म्हणून पात्यापेक्षा तळहातच जास्त फिरतो. वर आबनुसाची किंवा शिसवीची पट्टी, आणि तिच्यावर पडदे. हे पडदे सतारीसारखे सरकवता येत नाहीत. एकदा ठोकले की ठोकले. तोरेसने रूढ केलेली तारेची लांबी ६५० मिलिमीटर. पहिला पडदा वरच्या टोकापासून साधारण साडेछत्तीस मिलिमीटरवर, पुढचा प्रत्येक त्याच प्रमाणात थोडा जवळ, आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ वर. बँकेत एक पैसा जुळला नाही तर आम्ही रात्री नऊपर्यंत खाती धुंडाळत बसायचो. इथे अर्धा मिलिमीटर चुकला तर धुंडाळायलाही काही उरत नाही. वाद्य आयुष्यभर बेसूर बोलते.

तोरेसचा खरा ध्यास मात्र तबलीचा, म्हणजे पेटीच्या वरच्या स्प्रूसच्या पातळ फळीचा. पेटी त्याने मोठी केली, तबली पातळ आणि किंचित फुगीर. तिच्या आतल्या बाजूला पंख्याच्या काड्यांसारख्या सात पट्ट्या. पंख्याची कल्पना त्याच्या आधीची, पण तिला नेमके रूप त्याने दिले. आवाज तबलीत असतो, बाकीच्या लाकडात नव्हे, हे लोकांना पटवायला त्याने १८६२ मध्ये एक गिटार अशी केली की तिची पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या. बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात ती आजही आहे.

१८५८ च्या सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. १८६९ मध्ये फ्रान्सिस्को तार्रेगा नावाचा सतरा वर्षांचा मुलगा गिटार घ्यायला आला. तोरेसने आधी त्याला दुकानातली एक साधी गिटार काढून दिली. पोराने ती वाजवली. ऐकल्यावर तोरेस आत गेला आणि १८६४ मध्ये स्वतःसाठी करून ठेवलेली गिटार त्याच्या हातात दिली. पुढे याच तार्रेगाने गिटारीला जगभर मान मिळवून दिला.

आणि लगेच, १८७० च्या सुमारास, या माणसाने दुकान बंद केले. दुसरे लग्न झाले होते, वय त्रेपन्न. आल्मेरियाला परत जाऊन नवराबायकोने चिनी मातीच्या आणि काचेच्या भांड्यांचे दुकान काढले. युरोपातला सर्वोत्तम गिटारकार कपबश्या विकू लागला! मला मात्र यात नवल वाटत नाही. कपबशीचे गिऱ्हाईक रोज येते.

पाचेक वर्षांनी दुकानातून सवड काढून त्याने पुन्हा पटाशी हातात घेतली. या गिटारींच्या आतल्या चिठ्ठीवर तो 'दुसरा काळ' असे छापून अनुक्रमांक घालू लागला. स्वतःच्या आयुष्याची जुनी खातेवही मिटून नवी उघडावी तसे. १८८३ मध्ये दुसरी बायको गेल्यावर कामाचा वेग वाढला. वर्षाला डझनभर गिटारी. हात थरथरू लागले तेव्हा ओळखीचा एक तरुण धर्मोपदेशक मदतीला येई. त्यानेच पुढे म्हातारपणी लिहून ठेवले आहे, की एका जेवणाच्या वेळी कुणीतरी तोरेसला त्याचे गुपित मागे ठेवून जाण्याची गळ घातली. ते आपल्याबरोबरच जाणार, असे तो म्हणाला. तबलीची जाडी त्याच्या अंगठ्याला आणि तर्जनीला कळत होती, ती सांगणार कशी?

१९ नोव्हेंबर १८९२ रोजी तोरेस वारला. मिरजेच्या त्या म्हाताऱ्याने माझ्या टेबलासमोरून उठताना अर्ज घडी करून खिशात घातला, तोही अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून. कागद किती पातळ आहे हे तो चाचपत होता, असे मला आता वाटते.