सलीम अली : खोप्यासमोर बसून राहिलेला माणूस

५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. मुलांना एक दिवस घाणेवाडीच्या तलावावर न्यायचं म्हटलं की कुणीतरी विचारतंच, याला मार्क किती? म्हणून आज सलीम अलींबद्दल.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी खेतवाडीत वाढवलं. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती, हे मामांनाही सांगता येईना. मुलगा ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला हाकललं नाही. चिमणीची ओळख सांगितली आणि कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. खरं तर तो शिक्षक म्हणजे मिलार्डच!

अभ्यासात मात्र यथातथाच. मॅट्रिक जेमतेम, विद्यापीठाची पदवी नाहीच. याची किंमत त्यांनी मोजली, हे मुलांपासून लपवू नये. पदवी नाही म्हणून सरकारी प्राणी सर्वेक्षणातली जागा हुकली. १९२६ ला मुंबईच्या म्युझियममध्ये लोकांना माहिती सांगण्याची नोकरी लागली. पुढे जर्मनीत जाऊन पक्षीशास्त्र शिकून आले, तर ती जागाच पैशाअभावी बंद झालेली.

मग खर्च कमी म्हणून अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी रोज तासन्‌तास बसून नोंदी केल्या. काय दिसलं? खोपा विणतो तो नर. अर्धा विणतो, माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडला तरच तो पुरा होतो, आणि मग नर दुसऱ्या खोप्याला लागतो. (बहिणाबाईंची कविता शिकवताना आपण सगळं श्रेय सुगरणीला देतो. कविता गोडच आहे, पण हेही सांगावं.) बेकारीतल्या याच कामाने त्यांचं नाव झालं.

१९३१ पासून त्यांनी हैदराबाद संस्थानातले पक्षी नोंदवले. आपला जालना तेव्हा त्याच संस्थानात. पगार मागितला नाही, फक्त प्रवास आणि मुक्कामाचा खर्च. पत्नी तेहमिना सोबत असत. अभ्यासासाठी पक्षी मारून नमुने जमवायची तेव्हा रीत होती, त्यांनीही जमवले. मुलं हे विचारतात, खरं तेच सांगा.

१९४१ ला भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं सचित्र पुस्तक आलं. १९७६ ला पद्मविभूषण. १९८७ ला, नव्वदी ओलांडून, ते गेले.

नोव्हेंबरात आपल्याकडे विहिरीवरच्या बाभळींना रिकामे खोपे लटकलेले असतात. त्यात काही टोपीसारखे, अर्धेच विणलेले. सहलीत मुलांना तिथे थांबवा, वह्या काढायला सांगा आणि विचारा, हा अर्धवट का राहिला असेल? उत्तर लगेच सांगू नका.